चुळकीचा फ्रॉक

१

लग्न होऊन मला सव्वादोन महिने झाले होते आणि तेवढ्यात घरातल्या सगळ्यांची मापं मला पाठ झाली होती. शिवणकामाच्या घरात पडलं की असंच होतं. माणसाचा स्वभाव मागाहून कळतो, खांदा आधी कळतो. नवऱ्याचा डावा खांदा उजव्यापेक्षा अर्धा इंच उतरता. सासूबाईंची पाठ हळूहळू पुढे झुकत चाललेली, त्यामुळे त्यांचे ब्लाऊज मागून वर चढायचे. माझ्याशी त्या बोलल्या ते पहिलं सलग वाक्य म्हणजे, "तुझी मान आखूड आहे, तुला बंद गळा शोभायचा नाही." मी बरं म्हटलं. मी बहुतेक गोष्टींना बरं म्हणते. लोक त्यामुळे मला गरीब समजतात आणि माझ्यासमोर मोकळेपणी बोलतात.

घर वर, दुकान खाली. दुकानाच्या पुढच्या भागात नवरा पँटी नि कोट शिवायचा. मागची खोली सासूबाईंची, तिथे बायकांचे आणि पोरींचे कपडे. दोन मशिनं, कापायचं टेबल, गुंड्यांच्या बरण्या, आणि भिंतीला टेकून एक अरुंद उंच कपाट. कपाटाला कुलूप नव्हतं, पण त्याच्यासमोर कायम स्टूल ठेवलेलं असायचं. ते सरकवायचं कुणाच्या मनात यायचं नाही.

त्या दिवशी दुपारी सासूबाई सुईत दोरा ओवत होत्या. एकदा हुकला. दोरा ओठांत धरून ओला केला, पुन्हा हुकला. तिसऱ्यांदा त्यांनी सुई माझ्यासमोर ठेवली आणि खिडकीकडे तोंड केलं.

"डॉक्टर म्हणाले, आहे तेवढं टिकलं तर टिकेल. गेलेलं परत यायचं नाही."

मी सुई ओवून दिली.

"यंदा चुळकीचा फ्रॉक तू शिवायचास," त्या म्हणाल्या.

पुढच्या भागात नवऱ्याचं मशीन चालू होतं. ते थांबलं.

२

चुळकी म्हणजे आमच्या गावातला कारंज्याचा पुतळा. मोठ्या चौकात दगडी कमानीखाली तीनेक वर्षांची एक ब्राँझची पोरगी उभी आहे. हात पाठीमागे गुंफलेले, गाल टम्म फुगलेले, आणि ओठांच्या चंबूतून पाण्याची धार. सलग नाही. आत कसलीशी झडप आहे, तिच्यामुळे पोरगी मिनिटभर गप्प उभी राहते आणि मग अचानक चूळ टाकावी तशी फुर्रकन पाणी उडवते. कधी उडवेल याचा नेम नाही. गावातली शहाणीसुरती माणसंसुद्धा मुद्दाम तिच्यासमोर जाऊन उभी राहतात.

म्हणे पालिकेला सिंह हवा होता. मूर्तिकार म्हणाला, सिंहाच्या तोंडातून पाणी आलेलं बघून कोण चकित होणार? आणि त्याने शेजारच्या घरातली पोरगी ओतली. ती रोज सकाळी दात घासताना येणाऱ्याजाणाऱ्यावर चूळ टाकायची. उद्घाटनाला आलेले मोठे पाहुणे कोटासकट भिजले. लोक इतके हसले, की सिंहाचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. एकदा तिला कुणी चोरून नेलं होतं, तेव्हा शाळांना सुटी दिली होती. अकराव्या दिवशी ती एका धोबीघाटावर कपड्यांच्या गठ्ठ्यात सापडली. सापडली तेव्हाही गाल फुगवूनच होती. हे सांगताना माणसं अशी हसतात, जणू ती त्यांच्या नात्यातली आहे.

मूर्तिकाराने तिच्या अंगावर नुसती चड्डी ठेवली होती. ते एका नगरसेवकाच्या बायकोला खपलं नाही. म्हणून वर्षातून एकदा, टाकी घासून पुन्हा पाणी सोडतात त्या दिवसासाठी, तिला नवा फ्रॉक शिवायचा असं ठरलं. तो मान आमच्या दुकानाकडे आला. आधी माझ्या सासऱ्यांचे आजोबा, मग वडील, मग सासरे. गेली अठ्ठावीस वर्षं सासूबाई.

एक गोष्ट मला लग्नाच्या आठवड्यातच खटकली होती, पण नवी सून खटकलेलं बोलून दाखवत नाही. लहानपणी मोठा वाटलेला वाडगा, बाक, जिना मोठेपणी एवढासा वाटतो. चुळकीबद्दल असं कुणीच म्हणत नव्हतं. चाळिशीची माणसं म्हणायची, "अगदी आहे तशी आहे बघ! आम्ही लहान असताना जेवढी वाटायची, तेवढीच."

३

सासूबाईंनी स्टूल सरकवलं आणि कपाट उघडलं. आत फ्रॉक टांगलेले होते, एकामागे एक, जुन्याकडून नव्याकडे. खालच्या फळीवर मापवही. टीप मारून बांधलेली, पानं पिवळी पडलेली.

मी वही चाळली. पहिल्या पानावर सुबक अक्षरात उंची छत्तीस, छाती एकवीस. त्याखाली पुढच्या वर्षी, "मापं तीच." त्याच्या पुढच्या वर्षी, "मापं तीच." अक्षर बदललं, शाई बदलली, पेनं बदलली, पण बहात्तर वर्षं तेच दोन शब्द. बरोबरच आहे. ब्राँझला काय होणार?

मग एका पानावर सासूबाईंचं अक्षर. "फ्रॉक सैल झाला." पुढच्या वर्षी एकच शब्द, "बसला." आणि तिथून पुढे दर वर्षी मापं लिहिलेली. सव्वाछत्तीस. साडेछत्तीस. पावणेसदतीस. शेवटच्या ओळीवर उंची त्रेचाळीस, छाती साडेतेवीस.

मी वही मिटली. टेप जुनी झाली की ताणली जाते. मग तर माप कमी यायला हवं, जास्त नव्हे. उन्हात धातू फुगतो. सात इंच?

मी कपाटातल्या फ्रॉकांकडे पाहिलं. डावीकडे बहात्तर फ्रॉकांच्या खालच्या कडा पट्टीने आखल्यासारख्या एका रेषेत होत्या. उजवीकडचे पायरी पायरीने उतरत गेले होते.

"आई, पुतळ्याचं माप दर वर्षी कशाला घ्यायचं?"

"कपडा शिवायचा म्हणजे माप घ्यायचं. वाढत्या अंगाचा शीव. दोन इंच माया ठेव."

शिवणीच्या आत जादा कापड दाबून ठेवतात. पुढे अंग भरलं की उसवून सैल करता यावं, म्हणून. त्याला माया म्हणतात. ज्याने हा शब्द पहिल्यांदा वापरला तो कुणाचा तरी बाप असणार.

"दोन इंच सोडू?" मी विचारलं. आमच्या क्लासात बाई तसंच म्हणायच्या, माया सोडा.

सासूबाईंच्या हातातली कात्री थांबली. "ठेव म्हण," त्या म्हणाल्या. "सोडू नाही म्हणायचं. ठेवू."

मी बरं म्हटलं.

४

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वतः चौकात जाऊन स्टीलच्या टेपने मापं घेतली. उंची त्रेचाळीस, छाती साडेतेवीस. कमान आणि डोकं यांच्यामध्ये माझा हात आडवा जेमतेम मावत होता. दुकानात टांगलेल्या जुन्या फोटोत तिथे कबूतर बसलेलं आहे.

त्याच दिवशी पाणीखात्यातले साहेब दुकानात पँट न्यायला आले. गावात त्यांना कारंजेसाहेब म्हणतात.

"वहिनी, यंदा तुमच्याकडे काम आहे म्हणे. शंभर वर्षं होतायत, फोटो निघणार. दर वर्षी तो फ्रॉक असा असतो, की पोरीनं मोठ्या बहिणीचा घातलाय. यंदा जरा अंगासरशी बसवा की."

ते गेल्यावर मी नवऱ्याला विचारलं, "काय करू?"

"शीव अंगासरशी. आईनं हात लावून बघेपर्यंत फोटो निघून गेलेले असतील."

"पण आई माया का ठेवतात?"

तो कापडावर खडूने रेघ ओढत होता. रेघ पूर्ण केली, मग म्हणाला, "माझ्याआधी एक मुलगी झाली होती. साडेतीन वर्षांची होऊन गेली. ताप आला नि तिसऱ्या दिवशी संपलं. तिच्यासाठी फ्रॉक बेतलेला होता, दोन वर्षं तरी जावा म्हणून चांगली माया ठेवून. त्या वर्षी चुळकीचा शिवायला कुणाला सुचलंच नाही. मग आईनं तोच पुरा केला आणि नेऊन घातला." त्याने खडू झटकला. "लोक हसले म्हणे, सैल झाला म्हणून. पुढच्या वर्षी मी झालो."

"आणि तुमचे कपडे?"

"माझ्या कपड्यांत तिनं कधी पाव इंच ठेवली नाही. दर सहा महिन्यांनी पँट घोट्याच्या वर. शाळेत पोरं विचारायची, काय रे, तुमच्याकडे पूर आलाय का?" तो हसला. वर बघितलं नाही.

त्या संध्याकाळी मी फ्रॉक बेतला. पिवळं सुती कापड, कडेला पांढरी पायपिन. चुळकीचे हात मागे गुंफलेले असल्यामुळे बाह्या नसतात. खांद्यावर बंद आणि पाठीला पाच हुकं. मी माया ठेवली नाही. शिवणीपुरतं सोडलं तर एक दोराभरही नाही. मला वाटलं, अठ्ठावीस वर्षं झाली, कुणीतरी हे थांबवायला हवं. सासूबाईंच्याच भल्याचं आहे. आणि खरं सांगायचं तर मला माझा हात दाखवायचा होता. अंगासरशी बसवणं एवढी एकच गोष्ट मला इतरांपेक्षा बरी येते.

५

पाणी सोडायच्या तीन दिवस आधी टाकी रिकामी करून घासतात, तेव्हाच फ्रॉक घालायचा असतो. सकाळी आठ वाजता मी तिथे गेले. प्लंबरकाकांनी शिडी लावून दिली आणि ते खाली व्हॉल्व्हशी खुडबुडत बसले. पाणी बंद असल्यामुळे चौक विचित्र शांत वाटत होता. एरवी तो आवाज असतो हेच लक्षात येत नाही.

पुढून फ्रॉक नीट बसला. मी खांद्याचे बंद बांधले, शिडी मागच्या बाजूला घेतली आणि पाठीची दोन्ही टोकं जवळ आणली.

अर्धा इंच कमी.

मी पुन्हा ओढलं. कापड धुऊन आटवून घेतलं होतं, इस्त्री केली होती, मापं तीन आठवड्यांपूर्वीची, तीही स्टीलच्या टेपने. हुक आणि फास यांच्यामधून ब्राँझची पाठ दिसत होती, दोन्ही बाजूंनी सारखी. चूक कुठे झाली ते मी मनात पडताळत होते आणि हात आपोआप ओढत होते. क्लासात आम्ही शेजारपाजारच्या पोरींना उभं करून ट्रायल घ्यायचो. हुक लागेनासं झालं की जे तोंडातून निघायचं, तेच निघालं.

"पोट आत घे गं, बाळा."

हुक लागलं. मग दुसरं. तिसरं, चौथं, पाचवं. मी हुकांवर पट्टी ओढली, पायपिन सारखी केली आणि शिडीच्या दोन पायऱ्या उतरले. तिसऱ्या पायरीवर माझा पाय थांबला.

पुढे येऊन पाहिलं. चुळकी होती तशी होती. गाल फुगलेले. ओठांच्या कोपऱ्यातून एक थेंब हनुवटीवर आला आणि नव्या फ्रॉकवर पडला.

"काका, पाणी बंद आहे ना?"

"कालपासून. पाईपात उरलेलं असेल, ताई." ते वर बघत म्हणाले, "वा! मापात बसलाय की. छान दिसतेय पोरगी."

६

"बसला?" मी घरात पाऊल टाकताच सासूबाईंनी विचारलं.

"बसला."

"किती ठेवलीस?"

"दोन इंच."

त्या हसल्या. माझ्याकडे बघून त्या पहिल्यांदाच हसल्या, आणि ते नेमकं खोट्याला.

त्या तीन दिवसांत माझं काम बिघडत होतं. टीप घालता घालता छातीत काहीतरी अडकल्यासारखं व्हायचं आणि कळायचं, की मी श्वास धरून बसले आहे. स्वयंपाकघरातला नळ सोडला की आधी हवा यायची. गुड, गुड, मग काहीच नाही, मग पाणी. टाकीचं काम चाललंय, सगळ्यांकडे तसंच होतंय, असं शेजारीण म्हणाली. भाजी आणायला मी पहिले दोन्ही दिवस चौकातून गेले. चुळकीच्या चेहऱ्यावर एरवी हिरवट झाक असते. आता गालांवर तांबूस चढलं होतं. चिंचेनं घासलं असेल. डोळे मी आधी कधी नीट बघितले नव्हते. ते मोठे होते, आणि कुणीतरी काहीतरी म्हणेल म्हणून वाट बघणाऱ्या मुलीचे होते. मूर्तिकाराने तसे केले असतील. मी पुढे गेले.

तिसऱ्या दिवशी दुपारी चहा झाला. सासूबाई मागच्या खोलीत माझ्याजवळ येऊन बसल्या. त्या दोन इंचांनी त्या माझ्याशी बोलायला लागल्या होत्या.

"ती फार ऐकायची," त्या म्हणाल्या. कोण ते सांगायची गरज नव्हती. "एवढीशी होती, पण सांगितलं की सांगितलं. हा असा फ्रॉक घालायचा, पाठ करून उभी राहायची. पोट आत घे म्हटलं की घ्यायची, गाल असे फुगवायची, आणि मी सोड म्हणेपर्यंत सोडायची नाही. एकदा काय झालं, ती अशीच उभी, आणि बाहेर गिऱ्हाईक आलं. मी गेले, बोलत बसले. विसरलेच की. परत येते तर ही उभी तशीच. ओठ निळे! मी ओरडले, अगं सोड, सोड! तेव्हा कुठे फुस्स केलं आणि खदाखदा हसायला लागली. वेडी."

त्या हसत होत्या. मी कप खाली ठेवला.

चपला पायात अडकवून मी चौकात गेले. टाकीभोवती दोरी बांधली होती, आत मंडप ठोकत होते. शिपाई म्हणाला, "आता उद्या दहाला, ताई. साहेबांची ऑर्डर आहे." मी दोरीशी उभी राहिले. हातोड्यांचा आवाज इतका होता, की मी काही म्हटलं असतं तरी तिला ऐकू गेलं नसतं. आणि पुतळ्याला सांगायचं काय? शिपाई माझ्याकडे बघत होता. मी घरी परत आले. तो परतीचा रस्ता मला अजून पावलापावलाने आठवतो.

७

सकाळी दहाला चौक भरला होता. नवऱ्याने सासूबाईंना हाताला धरून पुढच्या रांगेत आणलं होतं. कारंजेसाहेबांनी चार शब्द बोलून पाण्याच्या व्हॉल्व्हचं चाक फिरवलं.

काहीच झालं नाही.

"रुसली!" मागून कुणीतरी ओरडलं आणि सगळे हसले. साहेबही हसले. चाक आणखी फिरवलं. मिनिट गेलं, दोन गेली. फोटोवाल्याने कॅमेरा खाली केला. प्लंबरकाका टाकीत उतरले, पाईपला हात लावला आणि चटकन मागे घेतला.

"दाब पूर्ण आहे साहेब. लाईन मोकळी आहे. पाणी पार गळ्यापर्यंत आलंय."

"मग अडलं कुठे?"

"तेच कळेना. पाईप थरथरतोय. बंद करा, नाहीतर फुटेल ती."

हसणं थांबलं. सासूबाईंनी माझ्या दंडाला हात लावला. "काय झालं?"

"पाणी येत नाहीये, आई."

"फ्रॉक कसा दिसतोय?" त्यांनी विचारलं.

"अंगासरशी."

"माया?"

"नाही ठेवली. खोटं बोलले."

मला वाटलं त्या हात काढून घेतील. पण बोटं आणखी आवळली. "हुकं कशी लागली?"

"लागत नव्हती. मी... सवयीनं... पोट आत घे म्हणाले."

त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी कधी विसरणार नाही. राग नव्हता. आधी आनंद होता. ऐकलं तिनं, असा आनंद. मग तो उतरत गेला.

"तीन दिवस?" त्या म्हणाल्या. "तीन दिवस उभी आहे ती?"

"तुम्ही चला आई. तुम्ही म्हणा तिला. तुमचं ऐकेल."

"मला म्हणता आलं असतं तर केव्हाच म्हटलं असतं." त्यांनी माझा दंड सोडला. "जा. लवकर जा. निळी पडेल ती."

मी दोरीखालून आत गेले. साहेब काहीतरी ओरडले. नवरा म्हणाला, "जाऊ द्या तिला, फ्रॉक अडकला असेल." शिडी तिथेच होती. मी मागून चढले. हुकांवरचं कापड इतकं ताणलं होतं, की टिपेची भोकं उघडी पडली होती. पहिलं हुक सोडवायला गेले तर ते बोटांनी निघेना. मी तिच्या कानाशी वाकले. कान गरम होता. ऊन आहे, मी मनाशी म्हटलं.

"सोड," मी म्हणाले. "झालं बाळा. सोड."

मी हुकांकडे बघत होते, म्हणून पुरतं काही पाहिलं नाही. डोळ्याच्या कडेला फक्त एक गाल दिसत होता. तो आत गेला. आणि माझ्या मनगटावरून श्वास गेला. मुलांचा असतो तसा, कोमट. पण मुलाच्या छातीत मावेल तेवढ्यावर तो थांबला नाही. जातच राहिला. माझ्या हाताखालची ताणलेली शिवण सैल पडली, मग कापडाला चुण्या पडल्या, मग फ्रॉक माझ्या बोटांवर लोंबायला लागला. मी खांद्याचा बंद धरून ठेवला, नाहीतर तो गळून पडला असता.

मग पाणी आलं. पुढच्या तीन रांगा भिजल्या. लोक ओरडत होते, टाळ्या वाजवत होते, पोरं नाचत होती. मी गाल बघायला पुढे वाकले. गाल फुगलेले होते, शंभर वर्षं होते तसे. डोळे ब्राँझचे होते. ते कुणाची वाट बघत नव्हते.

डोकं आणि कमान यांच्यामध्ये एक कबूतर येऊन बसलं.

"काय वहिनी," मी उतरल्यावर साहेब रुमालाने तोंड पुसत म्हणाले, "शेवटी सैलच ना? फोटोत पुन्हा मोठ्या बहिणीचा दिसणार!"

८

संध्याकाळी गर्दी पांगल्यावर आम्ही तिघं फ्रॉक उतरवायला गेलो. नवऱ्याने सासूबाईंना शिडीच्या दुसऱ्या पायरीपर्यंत चढवलं. त्यांनी हात पुढे केला, जिथे त्यांना डोकं असेल असं वाटत होतं तिथे. हात हवेत राहिला. मग तो खाली खाली गेला आणि टेकला. त्यांनी टेप मागितली नाही. केसांवरून, कपाळावरून, फुगलेल्या गालांवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "थंड आहे."

वाटेत मी एकदा म्हणायचा प्रयत्न केला, "आई, माझं चुकलं." त्या म्हणाल्या, "पायाखाली बघ, पायरी आहे." त्यांना पायरी दिसत नव्हती, मला दिसत होती.

घरी येऊन मी बादलीत पाणी काढलं आणि फ्रॉक घ्यायला मागच्या खोलीत गेले. पुढची झालर ओली होती. पाठीची बाजू वाळलेली, पण गळ्यापाशी, मानेमागे, बोटभर रुंदीचा पट्टा दमट होता. तिथे पाणी उडायचं कारण नाही. सासूबाईंनी मला फ्रॉक दिला नाही. त्यांनी गळ्याची बाजू नाकाशी नेली आणि तशाच बसून राहिल्या.

"हा धुवायला नको," त्या म्हणाल्या.

मी बरं म्हटलं. बादली तशीच राहिली.

दाराशी नवरा उभा होता. त्याच्या घरात त्याच्याआधी राहून गेलेल्या मुलीची एकही वस्तू त्याने कधी हातात घेतली नव्हती. त्याला कुणी दिली नव्हती. सासूबाईंना तो दिसत नसावा, पण पायरव कळला. त्यांनी फ्रॉक त्याच्या दिशेने पुढे केला.

"घे."

त्याने घेतला. आधी कापड बघितलं, शिवण बघितली, सवयच आहे. मग गळा नाकाशी धरला. बराच वेळ धरला. मशीनवर हात टेकवून तो हळूच खाली बसला.

"ताईला असा वास यायचा?" त्याने विचारलं.

"नेहमी नाही," सासूबाई म्हणाल्या. "उन्हातून खेळून आली, की."